पहिलं जहाज कुठलं घ्यावं? कल्याणच्या खाडीतलं उत्तर

हा भाग तुम्ही लोकलमध्ये ऐकत असाल, तर कल्याणच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी एकदा खिडकीबाहेर बघा. खाडी दिसली तर बरं, कारण आजची सगळी गोष्ट त्या पाण्याची आहे.

गेले काही महिने मला मेसेजमधून दोन प्रश्न फार येतात. पहिला, स्पेस गेम खेळायचा तर कॉम्प्युटर कसा असेंबल करू? दुसरा, गेममध्ये पहिलं जहाज कुठलं घेऊ? आपला कार्यक्रम इतिहासाचा आहे, हार्डवेअरचा नाही. पण मी दिवसभर कोड लिहितो, रात्री इतिहास वाचतो आणि शनिवारी गेम खेळतो, म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येणं स्वाभाविक आहे. शिवाय मी स्वतःही सध्या तेच ठरवतोय. बजेट ऐंशी हजार, घराचा हप्ता चालू, आणि आईचा एकच प्रश्न: "एवढे पैसे घालून तू आकाशात जाणार, की आहेस तिथेच बसणार?"

उत्तर शोधताना लक्षात आलं, की कमी पैसे, उथळ पाणी आणि समोर तगडे खेळाडू असताना पहिलं जहाज कुठलं घ्यावं, हा प्रश्न आपल्या गावात साडेतीनशे वर्षांपूर्वी खराखुरा पडला होता. आणि तिथे री-स्टार्टचं बटण नव्हतं.

आधी गेमचं थोडक्यात

ज्यांनी हे गेम खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. या प्रकाराचा आजोबा म्हणजे १९८४ सालचा 'एलिट'. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी तो बीबीसी मायक्रो नावाच्या कॉम्प्युटरसाठी लिहिला. त्या यंत्राची मेमरी होती ३२ केबी. तुमच्या फोनमधला एक साधा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. तेवढ्या जागेत त्यांनी आठ आकाशगंगा बसवल्या, प्रत्येकीत २५६ ग्रह. ग्रह साठवून ठेवलेच नव्हते. एका सूत्रातून ते दर वेळी नव्याने तयार व्हायचे. खेळाडूच्या हातात सुरुवातीला एक जहाज आणि १०० क्रेडिट. व्यापार करा, लढा, मोठे व्हा.

२०१४ मध्ये त्याच ब्रेबेनच्या कंपनीने 'एलिट डेंजरस' आणला. त्यात पहिलं जहाज मिळतं साइडविंडर: छोटं, चपळ आणि फुकट. दुसरीकडे ख्रिस रॉबर्ट्स यांचा 'स्टार सिटिझन'. २०१२ मध्ये लोकवर्गणीतून घोषणा झाली आणि दहा वर्षं उलटून गेल्यावरही तो अल्फा अवस्थेतच होता. तिथे छोट्या जहाजाचं पॅकेज घेऊन सुरुवात करता येते, नाहीतर खऱ्या पैशांत शेकडो डॉलरची जहाजं विकत घेता येतात. लोक घेतातही.

आता गेम पॉज करा. १६५७ मध्ये जाऊया.

दोन्ही दारं दुसऱ्याच्या हातात

ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी आदिलशाहीकडून घेतली. महाराज तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे. म्हणजे आपल्याच वयाचे म्हणा ना. कल्याण हे जुनं बंदर. व्यापार होता, सुतार-लोहार होते, आगरी-कोळी-भंडारी अशी पाण्यावर वाढलेली माणसं होती, आणि मुरबाड-शहापूरच्या बाजूला सागाचं जंगल होतं. जहाज बांधायला जे जे लागतं ते सगळं हाताशी. खाडीकाठी दुर्गाडी उभा राहिला आणि जहाजबांधणी सुरू झाली. मराठी आरमाराची सुरुवात इथली.

पण नकाशा उघडून बघा, कारण गोष्टीचा पेच नकाशात आहे. उल्हास नदी कल्याणहून डोंबिवली, दिवा, मुंब्रा करत ठाण्याला येते. तिथून पाण्याला समुद्राकडे जायला दोन वाटा. एक घोडबंदरवरून वसईच्या खाडीकडे, दुसरी ठाण्याच्या खाडीतून मुंबई बंदराकडे. १६५७ मध्ये वसई पोर्तुगीजांची. ठाणे आणि साष्टी पोर्तुगीजांची. मुंबईसुद्धा अजून पोर्तुगीजांचीच. थोडक्यात, कल्याणला तुम्ही कितीही झकास जहाज बांधा, ते समुद्रात न्यायचं तर दोन्ही दारं पोर्तुगीजांच्या हातात. आणि समुद्रावरही त्यांचा 'कार्ताझ' म्हणजे परवाना चालायचा. तो नसेल तर व्यापारी जहाज सरळ पकडायचे.

महाराजांचं म्हणणं होतं, की ही जहाजं जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध आहेत. पोर्तुगीजांना ते पटलं नाही. १६५९ च्या जुलैमध्ये वसईच्या कप्तानाने वरिष्ठांना लिहून कळवलं, की शहाजीचा मुलगा कल्याण, भिवंडी, पनवेलला लढाऊ जहाजं बांधतोय. ती बाहेर पडू द्यायची नाहीत, असं त्यांचं धोरण ठरलं. त्या वेळी ती जहाजं अजून एकही लढाई लढली नव्हती. तरी वसईत खळबळ झाली होती.

कारागीर एका रात्रीत गेले

ही जहाजं बांधायला महाराजांनी माणसं कुठून आणली? कारागीर आपल्याकडे होतेच. पण लढाऊ जहाजाचं तंत्र, तोफा कशा बसवायच्या, वजन कसं तोलायचं, हे जाणणारा माणूस हवा होता. तो पोर्तुगीजांमधलाच मिळाला. नाव रुई लैतांव व्हिएगस. तो, त्याचा मुलगा फेर्नांव, आणि त्यांच्यासोबत बायकामुलं धरून शेकडो माणसं कामाला लागली.

मग पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना गाठलं. आपल्याच राजाविरुद्ध वापरली जातील अशी जहाजं तुम्ही बांधताय, असं समजावलं. आणि ही सगळी मंडळी एके रात्री काम टाकून निघून गेली.

मी प्रॉजेक्टमध्ये काम करतो, त्यामुळे हा प्रसंग मला फार जवळचा वाटतो. ज्याला सगळं माहिती आहे तो एकटा माणूस सोडून गेला, की काय होतं हे आयटीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कल्याणचं काम मात्र थांबलं नाही. हाताखाली काम केलेल्या इथल्या सुतार-लोहारांनी ते पुढे नेलं. पुढे या आरमारात मायनाक भंडारी, दर्यासारंग, दौलतखान अशी नावं दिसतात. ज्ञान हातात उरलं होतं म्हणून हे शक्य झालं.

मे १६६१ मध्ये मोगलांनी कल्याण घेतलं. म्हणजे सुरुवात केली ती जागाच चार वर्षांत गेली. पण तोवर जहाजं कशी बांधायची आणि कशी चालवायची हे कळलेलं होतं. नोव्हेंबर १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. तिथे समोर थेट दर्या. कुणाच्या दारातून जायचं नाही.

गुराब की गलबत?

आता मुख्य प्रश्न. जहाज कुठल्या प्रकारचं?

समोर पोर्तुगीज आणि इंग्रज. त्यांची जहाजं उंच, जड, अनेक तोफांची, महासागर ओलांडून आलेली. तशीच आपणही बांधावीत असं कोणालाही वाटेल. महाराजांनी भर दिला तो वेगळ्या जहाजांवर. मुख्य प्रकार दोन, गुराब आणि गलबत. यांचं चांगलं वर्णन पुढच्या शतकातल्या इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्मने करून ठेवलंय. गुराब म्हणजे दोन डोलकाठ्यांचं, दीडशे टनांपर्यंतचं. तीन डोलकाठ्यांचं असेल तर तीनशे टनांच्या आसपास. लांबीच्या मानाने रुंद, नाळ पुढे निमुळती आलेली, आणि तळ असा की फार कमी पाण्यात तरंगेल. गलबत त्याहून लहान, सहसा सत्तर टनांच्या आत. शिडं होतीच, शिवाय चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला तरी गलबत चालतं, आणि दोर बांधून गुराबालाही ओढून नेतं.

ही निवड नाइलाजाने केलेली नव्हती. कोकण किनारा म्हणजे खाड्या, खडक आणि उथळ पाणी. भरती-ओहोटीत वाट बदलते. मोठं जहाज इथे तळाला लागायच्या भीतीनेच अर्धं थंड पडतं. छोटं जहाज लढतं, आणि जमलं नाही तर खाडीत शिरतं.

प्रमाण किती होतं ते एका आकड्यावरून कळतं. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज स्वतः आरमार घेऊन कर्नाटकातल्या बसरूरवर गेले. कारवारच्या इंग्रजांनी जहाजं मोजून लिहिलंय: ८५ छोटी लढाऊ जहाजं आणि मोठी फक्त तीन.

खांदेरी : फायदा किती, तोटा किती

आता मी असं म्हणू शकलो असतो, की बघा, छोटी जहाजं जिंकली, मोठी हरली, जय महाराष्ट्र. पण इतिहास इतका सोपा नाही आणि तुम्हीही शाळेत नाही आहात.

ऑगस्ट १६७९ मध्ये महाराजांनी मुंबईच्या दक्षिणेला, थळसमोरच्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. मुंबई आता इंग्रजांची होती. त्यांच्या बंदराच्या तोंडाशी मराठी किल्ला म्हणजे डोक्यावर टांगती तलवार. त्यांनी बेटाला वेढा घातला. सप्टेंबरमध्ये बेटावर उतरायला गेलेला त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखान पन्नास-साठ जहाजं घेऊन त्यांच्यावर चालून आला. डव्ह नावाचं इंग्रजांचं गुराब मराठ्यांनी पकडलं. बाकीची लहान इंग्रजी जहाजं पांगली. उरलं एकटं रिव्हेंज, ज्यावर कॅप्टन केग्विन होता. मोठं जहाज, मोठ्या तोफा. इंग्रजांच्या वृत्तांतानुसार त्या एका जहाजाने पाच गलबतं बुडवली आणि अख्खं मराठी आरमार मागे फिरलं.

मोठ्या जहाजाची ताकद ही अशी. उघड्या पाण्यात समोरासमोर पन्नास गलबतं एका रिव्हेंजला भारी पडली नाहीत.

पण पुढे काय झालं ते बघा. आरमार नागोठण्याच्या खाडीकडे उथळ पाण्यात गेलं. रिव्हेंजला तिथे जाता येईना. थोड्याच दिवसांत तीच गलबतं पुन्हा बाहेर. रात्रीच्या अंधारात, इंग्रजांच्या नाकाखालून, खांदेरीवर धान्य, दारूगोळा, माणसं पोचत राहिली. पाच गलबतं गेली तरी काम थांबलं नाही. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी तडजोड केली आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिलं. शेजारच्या उंदेरीवर सिद्दी जाऊन बसला ही गोष्ट वेगळी, तो त्रास पुढे अनेक वर्षं चालला.

म्हणजे लढाई बरोबरीत सुटली आणि बेट हाती आलं. कारण उद्देश रिव्हेंज बुडवण्याचा नव्हताच, उद्देश किल्ला बांधण्याचा होता. त्या कामासाठी बुडालं तरी परवडेल असं जहाज लागत होतं.

एलिट डेंजरस खेळणाऱ्यांना हे लगेच कळेल. तिथे जहाज फुटलं तर परत मिळवायला किमतीचा काही हिस्सा भरावा लागतो. तेवढे पैसे खिशात नसताना महागडं जहाज घेऊन उडू नये, हा जुन्या खेळाडूंचा पहिला सल्ला. साइडविंडर मात्र कितीही वेळा फुटलं तरी फुकट परत. ज्याला ते जहाज गमवायची भीती नाही तो शिकतो. भीती असलेला स्टेशनच्या दारातच घुटमळतो.

आज्ञापत्रातली यादी

हे सगळं शहाणपण पुढे कोणीतरी लिहून ठेवलं. रामचंद्रपंत अमात्य. १७१५ च्या सुमाराचं त्यांचं 'आज्ञापत्र'. त्यात आरमारावर वेगळं प्रकरण आहे, आणि मला ते एखाद्या अनुभवी माणसाने लिहिलेल्या बायिंग गाइडसारखं वाटतं.

त्यांचा रोख असा. जहाजं फार थोर नकोत, फार लहानही नकोत. जे वाऱ्याशिवाय हलतच नाही असं धूड बांधू नये. पाच गुराबं आणि पंधरा गलबतं मिळून एक सुभा करावा. म्हणजे तोफा मारणारी थोडी आणि धावणारी पुष्कळ. आरमाराचा खर्च मुलखातून नेमून द्यावा, बंदराच्या उत्पन्नावर टाकू नये. नाहीतर वसुलीसाठी व्यापाऱ्यांना छळलं जाईल आणि बंदरच ओस पडेल.

आणि लाकडाबद्दल तर फारच सुंदर. साग वगैरे झाडं परवानगीने तोडावीत. आंबा-फणसाचं लाकूडही आरमाराला उपयोगी, पण त्याला हात लावू नये, कारण रयतेने ती झाडं लेकरासारखी वाढवलेली असतात. लागलंच तर एखादं जीर्ण झालेलं झाड मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्यावं. घरातल्यांच्या गरजेच्या पैशांतून ग्राफिक कार्ड आणणाऱ्यांनी हा भाग परत ऐकावा.

पुण्यातली ६४ गलबतं

हार्डवेअरच्या बाबतीतही अशी एक निवड महाराष्ट्रात झालेली आहे. १९८० च्या दशकात भारताने अमेरिकेकडून हवामानाच्या कामासाठी एक क्रे सुपरकॉम्प्युटर घेतला. त्याहून ताकदीचा मागितला तर नकार मिळाला. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं, डॉ. विजय भटकर प्रमुख. क्रेसारखा एक राक्षसी प्रोसेसर बनवणं आपल्या आवाक्यात नव्हतं. म्हणून त्यांनी इन्मॉस कंपनीचे टी-८०० नावाचे लहान प्रोसेसर घेतले, जे एकमेकांशी बोलण्यासाठीच बनवलेले होते, आणि ६४ जोडून कामाला लावले. १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. एका अवाढव्य जहाजाऐवजी गलबतांचा तांडा.

पण इथेही खांदेरीची अट लागू होतेच. काम वाटून देता आलं तरच चौसष्ट प्रोसेसरांचा उपयोग. हवामान, द्रवाचा प्रवाह अशी गणितं वाटता येतात. गेमचं बरंचसं काम वाटता येत नाही. त्यातला एक मुख्य धागा असतो आणि बाकी सगळे त्याच्यासाठी थांबतात. म्हणून दुकानदार "सोळा कोअर घ्या साहेब" म्हणाला, तरी स्पेस गेमसाठी सहा-आठ वेगवान कोअर बहुतेक वेळा जास्त कामाचे. इथे पंधरा गलबतांपेक्षा पाच चांगली गुराबं हवीत.

मग मी काय घेतोय?

चार प्रश्न विचारून यादी केली आहे. तुम्हीही करा.

पाणी किती खोल? म्हणजे मुळात तुमचा मॉनिटर कुठला. माझा १०८०पी आहे. त्यावर चाळीस हजारांचं ग्राफिक कार्ड म्हणजे खाडीत महासागराचं जहाज. मधल्या पट्टीतलं कार्ड घेतोय. त्याऐवजी पैसे जाताहेत ते रॅम आणि एसएसडीवर. स्टार सिटिझनला १६ जीबी किमान लागते, मी ३२ घेतोय. साध्या हार्ड डिस्कवर हे गेम घुसमटतात.

वारा पडला तर? पावसाळ्यात आमच्याकडे लाइट जाते. यूपीएस यादीत वरच्या नंबरवर. पॉवर सप्लाय नावाजलेला आणि गरजेपेक्षा थोडा मोठा, म्हणजे दोन वर्षांनी कार्ड बदललं तरी तोच चालेल. हे दोन भाग कोणी मित्रांना दाखवत नाही, पण वल्ही हीच.

कारागीर निघून गेला तर? असेंबल मी स्वतः करणार. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर पार्ट घ्यायचे, एखाद्या जाणत्या मित्राला शेजारी बसवायचं, पण स्क्रू आपल्या हाताने पिळायचे. पुढे बिघडलं तर कुठे बघायचं हे आपल्याला कळलं पाहिजे.

आणि चौथा, सगळ्यात महत्त्वाचा: खाडीचं तोंड कोणाच्या हातात? हे गेम ऑनलाइन आहेत. एलिट डेंजरसला इंटरनेटशिवाय खेळायची सोय मिळेल असं आधी सांगितलं होतं. २०१४ मध्ये गेम बाजारात यायच्या थोडं आधी ती रद्द झाली आणि वर्गणी दिलेले लोक संतापले. तुमचं जहाज कंपनीच्या सर्व्हरवर उभं असतं. दार तिने बंद केलं, की जहाज आत आणि तुम्ही बाहेर. म्हणून खऱ्या पैशांत शेकडो डॉलरचं जहाज मी घेणार नाही. एलिटमध्ये साइडविंडर, स्टार सिटिझनमध्ये सगळ्यात स्वस्त पॅकेज. बाकी जे मिळवायचं ते खेळून. कॉम्प्युटर मात्र माझ्या घरात, माझ्या टेबलावर, म्हणून पैसे तिथे.

एक शेवटची गोष्ट, कारण आरमाराची गोष्ट खांदेरीवर संपत नाही. कान्होजी आंग्र्यांनी हीच गुराबं-गलबतं घेऊन पुढे इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी सगळ्यांना दमवलं. पण फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचं आरमार एकत्र नांगरलेलं असताना एका जहाजाला आग लागली आणि ती एकावरून दुसऱ्यावर जात सगळ्या ताफ्याची राख झाली. तोफा इंग्रजांच्या होत्या, पण त्यांना सोबत घेऊन तुळाजींवर चाल करणारे आपले पेशवेच होते. जहाज छोटं होतं म्हणून हा शेवट झाला नाही. घरातलं भांडण आणि सगळं एका जागी ठेवणं, यामुळे झाला.

आता जमलं तर एक करा. कल्याणला दुर्गाडीच्या खाडीकाठी नौदलाची टी-८० ही निवृत्त नौका स्मारक म्हणून आणली आहे. १९९८ मध्ये नौदलात आलेली. आणि तिचा प्रकार? छोटी, वेगवान, किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यासाठी केलेली. साडेतीनशे वर्षांनंतरही या किनाऱ्याला तशाच बोटींची गरज पडते. एखाद्या रविवारी जाऊन बघा. मग लॅमिंग्टन रोडची यादी करायला बसा, आणि पहिला आकडा लिहायच्या आधी घरातल्या आंबा-फणसाचा विचार करा.

भेटूया पुढच्या भागात. तुमचं पहिलं जहाज कुठलं, मला नक्की कळवा.